प्रार्थनेतून नाव वगळावे, ही विनंती

३० नोव्हेंबर, रविवार
आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार. यंदा आशेची मेणबत्ती लावायची पाळी आमच्या घराची. पद्धतीप्रमाणे मेणबत्ती लावून आपण कशाची वाट पाहतोय ते सांगायचं. लोक नोकरी, बदली, मुलीचं स्थळ, असलं काही सांगून खाली बसतात. मी पडलो वार्ताहर, त्यात संस्कृतचा एम. ए.; चर्चमध्ये मला शास्त्रीबुवाच म्हणतात. मी म्हणालो, "आमच्या कन्येच्या संसारात एक अंकुर सूर्यदर्शनाची प्रतीक्षा करीत आहे." वाटलं, एवढ्या जड भाषेत कुणाला काय कळतंय.
पहिल्या बाकावरून लीलाआत्या, चर्चमधल्या सगळ्यांच्याच आत्या, कानातलं यंत्र नीट करत: "म्हंजे शेरॉनला दिवस गेलेत, असंच ना रे?"
सगळं चर्च: हालेलुया!
शेरॉन मागं बसली होती, नवऱ्याजवळ, अमोलजवळ. सुशीलाला, म्हणजे तिच्या आईला, आणि मला दोघांनाच तिनं सांगितलं होतं. "नाताळापर्यंत कुणालाच नको, पप्पा." मी मान डोलावली होती.
आशीर्वादाआधीच दोघं उठून गेली.

१ डिसेंबर, सोमवार
सु. बोलत नाही. चहा मिळतो, कप आपटून.
चुकून तोंडातून गेलं, असं तिला म्हणालो. खोटं. वाक्य शनिवारीच रचलं होतं. आधी 'जीव' होतं, मग 'कळी', मग 'अंकुर'. आजोबा होणार हे चारचौघांत सांगायची हौस, दुसरं काय.
याआधी दोनदा तिला दिवस गेले होते, आणि दोन्हीदा... दुसऱ्या वेळी सगळ्यांना माहीत होतं. मग महिनाभर माणसं येत राहिली, शेरॉनच्या मुकुंदवाडीच्या त्या दोन खोल्यांत. "देवाची मर्जी" म्हणायची, बशीत चहा ओतायची. प्रत्येकाला चहा शेरॉननं केला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

३ डिसेंबर, बुधवार
फोन अमोलनं उचलला. "पप्पा, ती झोपलीय." मागं मिक्सर चालू. झोपेत चटणी वाटते पोरगी.

५ डिसेंबर, शुक्रवार
महिला मंडळ घरी. डिंकाचे लाडू, डबा भरून. सु. म्हणाली, "अहो, हे बाळंतिणीचं. आत्तापासून?"
लीलाआत्या: "मंग काय झालं? झाकून ठेव, लई दिस टिकतात. अन् पोरीला म्हणावं, गाडीवर बसायचं नाय. मागल्या बारीला त्यानंच झालं."
सु. उठून आत गेली. मी "हो, हो" म्हणत राहिलो. एक लाडू खायला लावलाच. चांगला झाला होता. त्याचीही लाज वाटली.

७ डिसेंबर, रविवार
दुसरी मेणबत्ती, शांतीची. शेरॉन आली नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत तिचं नाव घेतलं. आडनावांसकट, दोन्हीकडच्या.
नंतर त्यांना गाठलं. म्हटलं, पुढच्या रविवारी नाव वगळा.
"अहो शास्त्रीबुवा, लोक नाव घाला म्हणून मागं लागतात. तुमचा विश्वास ठीक आहे ना?"
"विश्वास ठीक आहे. मुलगी बोलत नाही."
"बरं. मनात घेतो."
"मनात घ्या. तिथं ध्वनिक्षेपक नसतो."
हसले. मला हसू आलं नाही.

१० डिसेंबर, बुधवार
गेलो मुकुंदवाडीला. पाणी दिलं. 'बसा' नाही, 'जा' नाही. मेथी निवडत होती. मग जुडीकडं बघतच म्हणाली, "मी वाटच बघत नव्हते, पप्पा. आजचा दिवस गेला, एवढंच रोज म्हणत होते. तुम्ही सगळ्या चर्चला वाट बघायला बसवलं. आता त्यांची सगळ्यांची आशा पण मीच पोटात घेऊन फिरू का?"
माफ कर म्हणायचं होतं. वाक्य जुळवत बसलो. तिनं मेथीचा अर्धा ढीग माझ्याकडं सरकवला. निवडली. देठं जास्त घेतो म्हणून बोलणी खाल्ली. बरं वाटलं.
निघताना तीच: "कॅरलवाले येणारेत का आमच्याकडं?"
"येतील."
"गाऊ देत. अभिनंदन नको."

१४ डिसेंबर, रविवार
तिसरी, आनंदाची. ही गुलाबी लागते; अख्ख्या गुलमंडीच्या बाजारात मिळाली नाही. पाळकबाईंनी पांढरीला गुलाबी कागद गुंडाळला, तो पेटला. आनंद थोडक्यात आटोपला.
प्रार्थनेत पाळकसाहेबांनी ठरल्याप्रमाणे नाव गाळलं. आमेन व्हायच्या आत लीलाआत्या उभ्या: "पाळकसाहेब, आमच्या शेरॉनचं राहिलं!"
माना माझ्याकडं वळल्या. उठलो. म्हणालो, "राहू द्या आत्या. मीच सांगितलंय. तिनं कुणाला सांगू नका म्हटलं होतं, मी इथं येऊन सांगितलं. तिला विचारू नका, घरी जाऊ नका. चूक माझी आहे."
या वेळी काही रचलं नव्हतं. खाली बसलो तर सु.नं थैली बाजूला घेऊन जागा केली.
बाहेर आत्यांनी अडवलं. "आधी सांगायचं ना रे बाबा. मला काय सपन पडतं व्हय?" मग हळू आवाजात, म्हणजे निम्म्या आवारालाच ऐकू जाईल असं: "लाडवाचा डबा परत दे. मागून करू. वेळ आली की करू."
डबा निम्मा मी संपवलाय, हे सांगायचं धाडस झालं नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार
कॅरल पार्टीबरोबर मुद्दाम गेलो, पहारा म्हणून. गारखेड्यातनं निघतानाच मंडळींना ताकीद: गाणं, प्रार्थना, पुढचं घर.
गिटारवाली: "पण अंकल, सगळ्यांना माहितीच आहे ना?"
"म्हणूनच."
मुकुंदवाडीत गल्लीतच गायलो. शेजारच्या कांबळेताई नातवंडाला कडेवर घेऊन ओट्यावर आल्या, पायानं ठेका धरला. अमोल गात होता. शेरॉन शाल घेऊन दारात. गात नव्हती. चकल्या वाटल्या. कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.
शेवटच्या कडव्यापर्यंत दार लावलं नाही तिनं.

२१ डिसेंबर, रविवार
चौथी. प्रीतीची. ती नाही आली. अमोल आला. "बरीय" म्हणाला. एवढंच.
आगमनकाळावर दर वर्षी पेपरात लेख लिहितो. आनंदी प्रतीक्षा वगैरे. यंदा संपादकांना नाही म्हणालो. कारण विचारलं, तर म्हटलं, यंदा जमत नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार
सकाळी फोन. मला.
"पप्पा, सोनोग्राफी आहे. अमोलला सुट्टी नाही. मम्मी रडत बसते. तुम्ही याल? पण बोलायचं नाही."
"नाही बोलत."
"हेही बोलू नका."
रिक्षानं क्रांती चौकापर्यंत गप्प. दवाखान्यात तिचं नाव पुकारलं, ती आत गेली. मी बाकावर. आशा धरायची लाज वाटते, आणि धरल्याशिवाय राहवत नाही. हात कुठं ठेवावेत कळेना.
इतक्यात चर्चमधले पगारे गुरुजी, सुनेला घेऊन. "सलाम! तुम्ही इथं कसे?"
"शुगर."
"ही तर बायकांची ओपीडी."
"गर्दी कमी असते."
गुरुजी वर्तमानपत्र उघडून त्यात गेले. भला माणूस.
ती बाहेर आली. शेजारी बसली. रिपोर्टचं पाकीट मांडीवर पालथं. गुरुजींकडं एकदा पाहिलं, मग माझ्या कानाशी झुकून एक वाक्य बोलली. मी मान हलवली. तिनं माझी बाही धरली आणि आम्ही तसेच बसून राहिलो.
काय म्हणाली ते इथं लिहीत नाही. लिहू का, असं तिला विचारलेलं नाही.