कॉलरचा माईक

छकुले,

मी तुझ्या आत्याकडे जातोय. कॉलेजात तुझी फिल्म दाखवतील तेव्हा येणार नाही.

‘कट’ म्हणालीस तेव्हा कॉलरचा माईक काढायचं मीच विसरलो, चूक माझीच. पण नंतर आजीच्या फोटोपुढे पुटपुटलो, ते तुझ्यासाठी नव्हतं. “तुला मी कधी आवडलोच नाही, ना गं?” हे ती असताना विचारायचंही मला धाडस झालं नाही. काल ते फिल्ममध्ये ऐकलं. वर तू म्हणालीस, “आजोबा, फिल्मचा जीव तेवढ्यातच आहे!” असेलही, मला काय कळतं? पण तुझ्या बाबाला ते भरल्या हॉलमध्ये ऐकावं लागेल. जमलं तर काढ.

माईक टेबलावर आहे. बंद असल्याचं तीनदा पाहूनच लिहायला बसलो.

आजोबा