कालमानकाकांनी शिंपडलेलं अत्तर

प्रिय पिरोश्का मावशी,

एमोकेचा नमस्कार. सेगेदला सुखरूप पोचलीस हे कळलं. सर्दी कशी आहे? स्ट्रॉबेरीच्या शेतातले माझे निळे सापळे शनिवारपर्यंत काढायला तू बसमधून फोनवर सांगितलंस. त्याआधी झालेलं क्रमाने लिहिते. तू पळत होतीस, सगळं दिसलं नसेल.

१. सोमवारी कालमानकाका ईस्टरच्या रिवाजाप्रमाणे बायकांवर अत्तर शिंपडून रंगीत अंडी मिळवायला उठले. घरातली बाटली रिकामी होती.
२. त्यांनी फ्रीजमधली माझी घेतली.
३. तिच्यात केसाळ भुंगेऱ्यांना सापळ्याकडे ओढणारा वास होता.
४. पहिला मान घरच्या बाईचा, म्हणून अर्धी बाटली तुझ्यावर.
५. अकराला ऊन पडलं. उन्हात भुंगेरे उडतात.
६. अकरा दहाला तू पावसाच्या पाण्याच्या पिंपात होतीस.

काका म्हणतात (मी विचारलं नव्हतं), “बाटलीवर किड्याचं चित्र होतं, म्हटलं माल परदेशी असणार! वासही दालचिनी-बडीशेपेचा. वाटलं, ही खूश होऊन यंदा दोन रंगीत अंडी देईल.” (एकच मिळालं, तेही फेकून.) त्यात तुझा सणाचा रुमाल फिकट निळा. भुंगेऱ्यांना तोच रंग आवडतो, म्हणून सापळे निळे. हे मी मार्चमध्ये समजावलं होतं, तेव्हा तू शेवयांचं पीठ मळत होतीस आणि “हं हं” म्हणालीस. शेजारची रोझालिया कुंपणावरून ओरडली, “अगं पिरोश्का, या वयात एवढे मागे लागलेत, आणि पळतेस काय!” ते तिने बोलायला नको होतं. पण भुंगेरे माणसाला चावत नाहीत. ते फुलांचा गाभा खातात, आणि तुझं शेत अजून दहा दिवस फुलात आहे. सापळे काढले तर फळ धरणार नाही आणि माझी वर्षभराची चाचणी इथेच संपेल. शेत तुझं, शब्द तुझा. तरी सापळे राहू देत, ही विनंती.

तुझी,
एमोके

ता. क. काकांनी माफीची कविता केली आहे. मी ती वाचली. पाठवत नाही.

ता. क. २. तू पिंपाकडे धावलीस तेव्हा मी मोजणी केली (सवय). त्या दिवशी सर्वांत चांगल्या सापळ्यात एकतीस भुंगेरे होते. तुझ्यावर एकशे बारा. पाठीवरचे अंदाजे.

ता. क. ३. म्हणून खरं विचारायचं ते असं: रुमाल न धुता पाठवशील का? स्वतः येऊन दहा ते दोन बांधावर बसलीस तर जास्त बरं. खुर्ची मी देते. गुरुवारपर्यंत कळव.