वडिलांना काका

शीतांग, २ नोव्हेंबर १९९३

चि. देयान यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू ग्वांगजौला परतलास त्या सकाळी मी तीन डोंगरांच्या देवापुढे उदबत्ती लावली आणि घरी येऊन काकांना पेज भरवली. दोन घोट गेले, पुढचा ओघळला. डॉक्टर म्हणतात, महिना निघाला तरी पुष्कळ.

निघताना तू सहज बोलून गेलास, की दादा, एकदा तरी त्यांना बाबा म्हणून बघ. ते मनातून जात नाही. माझ्याआधीचे दोघे पाळण्यातच गेले. माझी जन्मवेळ पाहून देवळातल्या जोतिषाने आईला बजावलं, की हा बापाला भारी आहे, याने बापाला काका म्हणावं, म्हणजे हा त्याचाच मुलगा आहे याचा देवादिकांनाही पत्ता लागणार नाही. अशी पोरं गावोगाव आहेत, हे तू माझ्याहून जास्त जाणतोस. तुझा अभ्यासच तो. पण लहानपणी एकदा खेळता खेळता माझ्या तोंडून बाबा निघालं, रात्री काकांना ताप भरला आणि आईने मला देवापुढे उपाशी बसवलं, हे तुला ठाऊक नाही. बाजारात कुणी विचारलं तर काका हसून सांगत, भावाचा मुलगा आहे. तू जन्मलास तो निर्धास्त, तुझ्या जन्मवेळेत तसला दोष नव्हता. त्यांच्या मांडीवर बसून दिवसभर बाबा बाबा करायचास, आणि मी चहाचे पेले विसळत ऐकायचो.

आई गेली. आता मना करणारं कुणी नाही. मला ती हाक एकदा मारायची आहे. भाऊ म्हणून सांग, शब्दाने माणूस मरतो का?

शेजारची लुओ आजी विचारत होती, की तुमचा प्रोफेसर गावची बोली टेपमध्ये भरून नेतो, तिकडे ती बोलतो कुणाशी? मी म्हटलं, पोटाशी बोलतो, तिच्यावरच तर भरतं ते. रागावू नकोस. थंडीत जपून राहा.

तुझा देहुआय


ग्वांगजौ, ९ नोव्हेंबर १९९३

ती. दादास साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. लुओ आजीला सांग, पुढच्या खेपेला तिच्या शिव्याच टेप करतो. असा ठेवा साऱ्या प्रांतात दुसरा नाही.

दादा, शब्दाने माणूस मरत नाही. बापाला काका, मामा म्हणणारी, चक्क नावाने हाक मारणारी कितीतरी माणसं मला भेटली. ती कधी चुकलीही होती. त्यांचे बाप म्हातारे होऊनच गेले. भीतीने घातलेली रीत आहे ही, तिच्यात दुसरं काही नाही. तू बिनघोर म्हण.

फक्त मी येईपर्यंत थांब. परीक्षांचं काम संपवून वीस तारखेला टेपरेकॉर्डर घेऊन पोचतो. पन्नाशीला आलेला मुलगा बापाला पहिल्यांदा बाबा म्हणतो, हे माझ्या माहितीत कुणीच नोंदवलेलं नाही. माझ्या पुस्तकातलं या रीतीवरचं प्रकरण त्यावाचून अडलंय. तुझा आवाज कसा होतो, बाबा काय उत्तर देतात, हे एकदाच घडणार. थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे.

बाबांच्या पायांवर डोकं. तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझा देयान


शीतांग, ६ डिसेंबर १९९३

चि. देयान यास आशीर्वाद.

क्रियाकर्म आटोपून तू घाईत गेलास. बोलणं राहिलं, ते लिहितो.

तू यायच्या दोन दिवस आधी दुपारी काकांना जरा हुशारी आली. चहा मागितला. मी नेहमीसारखे रीतीचे तीन पेले मांडले. पिणं झालं नाही, ओठ ओले केले इतकंच. मग माझा हात धरून म्हणाले, की आता कमी व्हायला आयुष्य उरलंय कुठे, एकदा हाक मार बघू. गळ्यापर्यंत आली होती. मी सांगितलं, धाकटा परवा येतोय, मशीन आणतोय, तेव्हा मारतो. ते हसले. म्हणाले, बरं, त्याचं काम होऊ दे. आणि भिंतीकडे वळून झोपले. पहाटे गेले.

शवपेटीवर खिळे ठोकताना थोरल्या मुलाने आतल्या माणसाला हाक मारून सांगायचं असतं, की खिळा येतोय, बाजूला व्हा. तू उदबत्त्यांच्या मेजाखाली टेपरेकॉर्डर सरकवलास आणि माझ्या कानाशी येऊन म्हणालास, की आता कसला धोका नाही, दादा, आता म्हण. मी काका म्हणूनच ओरडलो. आत अंधारात पडलेल्या माणसाने अनोळखी हाकेला बाजूला तरी कसं व्हायचं? तुझा चेहरा उतरलेला दिसला. बापासाठी की प्रकरणासाठी, हे मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून मनाशी ठरवलेलं एक काम काल सकाळी केलं. एकटाच टेकडीवर काकांच्या थडग्याशी गेलो. मातीवर तीन पेले चहा ओतला. आसपास कुणी नाही असं पाहून बाबा म्हटलं. आधी हळू, मग मोठ्याने म्हटलं.

उत्तर आलं नाही. पुस्तकात हवं तर तेवढंच लिही.

तुझ्यावर लोभ आहे. तो वाढावा असं देवापाशी मागायला मात्र आज जीभ रेटली नाही.

देहुआय