नातवाच्या पायातला दोरा आणि माझा गुडघा

४ मे, सकाळी
लकवा मारल्यापासून डावा गुडघा दगा देतोय. आज झौरेशने, म्हणजे आमच्या फिजिओने, त्यावर निळी टेप लावली. अंगणभर ऐटीत चाललो. बायको कुलाश म्हणाली, लंगडी कोंबडी बरी. जळते. झौरेश म्हणते, टेप गुडघ्याला नुसता आधार देते, व्यायाम तुम्हालाच करायचाय. करू. उद्यापासून.

५ मे
ढग होते. व्यायाम नाही.

७ मे
नातू संजार धरून धरून उभा राहतोय. अठरा तारखेला त्याच्या पायातला दोरा कापायचा. आमच्याकडे पोर चालायला लागलं की पायांना काळा-पांढरा दोरा बांधतात आणि ज्याची चाल झोकदार तो कापतो; पोराला त्याचीच चाल लागते. अख्ख्या किझिलोर्दा शहरात माझ्यासारखी चाल कुणाची? सून ऐझादाला म्हटलं, मीच कापणार. ती चहा ओतायला उठून गेली. गहिवरली असावी.

११ मे
कळलं की दोरा शेजारची बातिमा कापणार. ती चालते कुठे, पळते. पोरगं चोर निघेल. मुलगा म्हणतो, बाबांनी बसून आशीर्वाद द्यावा. कुलाशने मात्र तोंडावर सांगितलं, पोराने जन्मभर पाय ओढावा असं वाटतं का तुम्हाला? फार लागलं. जेवलो नाही. मागाहून थोडे बाउरसाक खाल्ले, कणकेचे तळलेले गोळे वाया जायला नकोत म्हणून.

१४ मे
प्लॅन ठरला. एका पट्टीने एवढा फरक, तर दहा पट्ट्यांनी मी धावेन. गॅरेजात पाइपाला लावायची करडी चिकटपट्टी सापडली. तिने पाइप गळायचा थांबला, गुडघ्याची काय बिशाद? आता व्यायामाची गरजच उरली नाही.

१८ मे, सकाळी
मांडीपासून घोट्यापर्यंत गुंडाळली. गुडघा तसूभर दुमडत नाही. झकास.

१८ मे, संध्याकाळी
पाहुणे आले. मला गादीवर बसवलं. पाय जेवणाच्या चादरीवर आडवा, चहाचे पेले उलथले. दोरा कापायची वेळ आली आणि मला उठताच येईना. दोन जावई ओढत होते तोवर बातिमाने दोरा कापलासुद्धा. संजारचा हात धरून ती तुरुतुरु चालली, मग हात सोडला.
संजार एकटा चालला. डावा पाय ओढत, डावी मूठ छातीशी धरून. हुबेहूब मी.
मग कुलाश म्हणाली, दिवसभर यांच्याच मागे असतो, दुसरं काय शिकणार? सगळे हसले. मीही हसलो, आणि डावी मूठ मांडीमागे लपवली.

१९ मे
झौरेशने करडी पट्टी सोलून काढली. पायावरचे केसही गेले. निळी टेप लावून म्हणाली, चला आजोबा, टाच आधी टेका.
व्यायाम केला. संजार बघत होता, त्यामुळे चुकवता आला नाही.