मधली बोट

गुरुजी, एक तक्रार आहे आणि ती गंभीर आहे. तुम्ही दिलेली छत्री अजून मोडत नाही. मी नोकरीसाठी शहराकडे निघालो त्या सकाळी घोडेगावच्या स्टँडवर तुम्ही ती माझ्या हातात ठेवलीत. वाकड्या लाकडी मुठीची, लांबलचक. म्हणालात, "सरकारी माणूस भिजलेला दिसला की लोकांना सरकारच भिजल्यासारखं वाटतं." पुढे तिचं कापड बदललं, काड्या बदलल्या, पण मूठ आणि दांडा ठणठणीत. माझ्या हाताखालची पोरं पिशवीत मावणाऱ्या छत्र्या घेऊन हिंडतात, बटण दाबलं की फुलतात. मी मात्र एसटीत आणि लिफ्टमध्ये लोकांच्या पोटऱ्यांना टोचत फिरतो. बायको म्हणते, टाका की ती आता. मोडल्याशिवाय टाकायची कशी? शिष्याला इतकी टिकाऊ वस्तू देणं हा त्याच्यावर अन्याय आहे, असं माझं नम्र परंतु ठाम मत इथे नोंदवून ठेवतो. खुलासा पंधरा दिवसांत यावा, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आहेत की वेळ मिळाला नाही ही सबब तुम्हाला सांगता यायची नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी ऑडिटमध्ये नुकताच लागलो होतो आणि मी दिवसभर बेरजा तपासत बसतो असा तुमचा समज होता. बेरजा आता यंत्र करतं. सरकार जे काम करतो म्हणून सांगतं ते खरोखर होतं का, हे बघायचं आमच्याकडे उरलं आहे. या वर्षी माझ्या वाट्याला समुद्र आला. किनाऱ्याची राखण करणारं, वादळात सापडलेल्या होड्यांना जाऊन हात देणारं जे दल असतं, त्याच्या एका ठाण्याची तपासणी. ठाण्याचं नाव लिहीत नाही, तुम्हालासुद्धा नाही. डिंभ्याचं धरण पहिल्यांदा भरलं तेव्हा त्यालाच समुद्र समजलेल्या माणसाकडे हे काम यावं, यात नियतीचा काही विनोद असेल तर तो तिलाच ठाऊक. गावी शिनोलीला चुलतभावाला हे सांगितलं तेव्हा त्यानं बैलाला पाणी पाजता पाजता मला असं न्याहाळलं, की जणू मला ताप भरलाय.

"आरं, तू सरकारचाच मानूस ना? मंग सरकारच्या चुका सरकारलाच लिवून कशाला देतो? त्यान्ला म्हाईत नसत्यात व्हय?"

"माहीत असतात."

"मंग?"

"लिहून दिल्या की नाही म्हणायला जरा कष्ट पडतात."

"लई बेकार नोकरी हाय राव तुझी," तो म्हणाला, आणि बैलालाही ते पटल्यासारखं दिसलं.

ही बेकार नोकरी मी शिकलो कुठे, ते आज सांगतो. तुमच्या स्वयंपाकघरात. शाळेच्या आधी सकाळी आम्ही दोघं-चौघं यायचो आणि तुम्ही आम्हाला चुलीजवळच बसवायचात, कारण बाहेरच्या खोलीत थंडी वाजायची आणि थंडीत विसर्ग नीट उमटत नाहीत असा तुमचा सिद्धांत होता. काकू बाजरीची भाकरी थापतायत. मी मांडी घालून स्तोत्र म्हणतोय, पहिल्या ओळीपासून सुसाट, डोळे मिटून, स्वतःवरच खूश होऊन. आणि तुम्ही हात वर करता.

"थांब. आता मधनं म्हण."

"मधनं म्हणजे?"

"चौथ्या श्लोकाचा तिसरा चरण."

मी मनातल्या मनात पहिल्या श्लोकाकडे पळत जातो, तिथून धावत धावत चौथ्यापर्यंत पोचायचा माझा बेत असतो. तुम्हाला तो दिसतो.

"ओठ हलतायत तुझे. पहिल्यापासनं पळत येऊ नको. तिथंच उतर."

काकू तव्यावरून नजर न काढता म्हणतात, "अहो, निवतीय त्याची भाकरी. पोटात गेली म्हंजे येईल मधलं." पण तुम्ही सोडत नाही. "तुझा बाप टोमॅटोची खोकी घेऊन नारायणगावला जातो ना रं? व्यापारी खोक्यात हात कुठं घालतो?"

"मधी."

"का?"

"वरचा थर आमीच लावल्याला अस्तो," मी खरं ते सांगून टाकतो, आणि काकूंना इतकं हसू येतं की भाकरी करपते.

तुम्ही हसला नाहीत. "तुझं पाठांतर तसलंच आहे," म्हणालात. "वर लालबुंद. मला दाखवायला लावलेलं." त्या दिवशी तुमचा मला इतका राग आला होता की वाटेत मी मनातल्या मनात तुम्हाला काही विशेषणं लावली. सगळी संस्कृत होती, एवढंच समाधान.

तर त्या ठाण्यावर मला वरचा थर दाखवला गेला. नारळपाणी आलं, काजू आले, पडद्यावर रंगीत चित्रं आली. ठाण्याचा प्रमुख माझ्यापेक्षा बराच तरुण, कपड्यांना कडक इस्त्री, बोलणं गोड. मग धक्क्यावर नेलं. तिथे बचावाच्या बोटी ओळीनं उभ्या, सगळ्यांना ताजा रंग, वास अजून गेलेला नाही. माझ्या हातातली छत्री बघून एका खलाशाला राहवलं नाही. "साहेब, समुद्रावर छत्री उलटी होते." मी म्हणालो, "मग हिचीच होडी करू." सगळे हसले. पहिल्या बोटीचं इंजिन एका झटक्यात सुरू झालं, ती पाणी कापत गेली, वळली, ऐटीत परत आली. प्रमुखानं माझ्याकडे पाहिलं. टाळ्या वाजवाव्यात असा तो क्षण होता. मी छत्रीचं टोक उचललं आणि ओळीतली मधली बोट दाखवली.

"ती काढा."

"सर, ती आजच्या कार्यक्रमात नाहीये."

"म्हणूनच."

मघाचं हसू धक्क्यावरून कुठे गेलं कळलं नाही. एक खलाशी बोटीत उतरला, त्यानं सेल्फ मारला. इंजिनानं एकदा घसा खाकरला आणि ते गप्प झालं. पुन्हा मारला, तेवढंही नाही. खलाशी आपल्या प्रमुखाकडे बघत म्हणाला, "बॅटरी त्या पयल्या बोटीत हाय ना, साहेब." हे त्यानं इतक्या सरळपणे सांगितलं की मला तो एकदम आमच्याकडचाच वाटला. मग मी लाइफ जॅकेटचं कपाट उघडायला लावलं. वर कोरी करकरीत, प्लास्टिकच्या पिशव्यांतली. मी ढिगाच्या मध्यात हात घालून एक ओढून काढलं. त्याचा पट्टा माझ्या हातात राहिला आणि जॅकेट खाली पडलं.

फाटकापर्यंत सोडायला आल्यावर तो तरुण प्रमुख हळूच म्हणाला, "सर, सुट्या भागांसाठी किती वेळा लिहिलं मी. एका बोटीचं काढून दुसरीला घालतो, म्हणजे हाक आली तर एक तरी सुटेल. माझं कुणी वाचत नाही. तुम्ही लिहा." मी अहवालात तसा परिच्छेद लिहिला. पुढे त्यावर खुलासा आला, की तपासणीच्या वेळी सदर नौका नियमित देखभालीखाली होती. खाली सही त्याचीच. मला त्याचा राग येत नाही. वरचा थर लावायला त्यालाही कुणीतरी बसवलेलं आहे. पण खुलासा मी मानला नाही. ज्या दिवशी मी धक्क्यावर होतो त्या दिवशी देखभाल करणारा माणूस, हत्यारं, काढून ठेवलेला एखादा तरी भाग मला का दिसला नाही, असं उलट विचारलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. त्याऐवजी आमच्या वरिष्ठांचं बोलावणं आलं.

ते मला शास्त्रीबुवा म्हणतात. तुमची कृपा. "शास्त्रीबुवा, चहा घ्या. हे बघा, 'देखभालीत सुधारणेस वाव आहे' एवढं लिहू. बाकीचं त्यांना तोंडी सांगू."

"वाव किती, साहेब? एक माणूस बुडेल एवढा, की अख्खी होडी?"

ते हसले, मग हसणं आवरून म्हणाले, "तुम्हाला एकट्यालाच कळतं का हो सगळं?"

"नाही. त्यांनाही कळतं, तुम्हालाही कळतं. लिहिलेलं मात्र माझंच आहे."

"आता या वयात बदली झाली म्हणजे त्रास होतो."

"माझं गाव शिनोली. रोज एसटीची वाट बघत वाढलोय. त्याहून आडबाजूला सरकार मला कुठे पाठवणार?"

एवढ्यावर थांबतील असं वाटलं होतं. पण चहाचा कप बशीत ठेवता ठेवता ते म्हणाले, "आणि मुलगी? ती त्याच दलात चाललीय ना? तिकडे बापाचं नाव विचारतात हो." आवाज अगदी प्रेमळ होता. मी सांगितलं, विचारलं तर ती सांगेल, तिला तिच्या बापाचं नाव पाठ आहे. आणि उठलो.

हे मात्र खरं आहे, गुरुजी. पोरगी चालली आहे. डिंभ्याला मामाच्या गावी, धरणाच्या फुगवट्यात ट्रकची ट्यूब कमरेला बांधून ती पोहायला शिकली. मामा काठावरून ओरडायचा, "पोरी, लई आत जाऊ नगं," आणि ती नेमकी तिकडेच जायची. तिची निवड झाली त्याच दिवशी, मुलगी आता त्याच दलात आहे, असं मी कार्यालयाला लेखी कळवलं. माझा परिच्छेद त्याच्या आधीच पुढे गेला होता, म्हणून काम माझ्याकडेच राहिलं. आज ती सगळ्यांच्या पाया पडायला शिनोलीला आली आहे, म्हणून मीही आलो. बाहेर चुलतभाऊ ज्याला त्याला सांगतोय, "आमची पोरगी समुद्रावर चालली, हाय का कुनाची?" मघाशी ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाबा, माझ्या ठाण्यावर तुमचं ऑडिट आलं तर मला ओळखत नाही म्हणा. आणि छत्री घरी ठेवून या." मी कबूल केलं. त्या धक्क्यावर मी काय पाहिलं, ते मी तिला सांगितलेलं नाही. अहवाल बाहेर येईपर्यंत सांगता येत नाही. तो ज्या रूपात बाहेर यावा असं साहेबांना वाटतं, त्या रूपात तिला त्यातून काही कळणारही नाही.

उद्या सोमवार. बदललेला मसुदा माझ्या टेबलावर सहीसाठी ठेवलेला असेल. मी सही करणार नाही. त्यावर मी काय लिहिणार तेही ठरलं आहे: तपासणीच्या दिवशी बोट निघाली नाही, जॅकेटचा पट्टा हातात आला, आणि यात शब्द बदलल्यानं बोट निघणार नाही. हवं तर माझ्या वरच्या अधिकाऱ्यानं माझा परिच्छेद स्वतःच्या सहीनं खोडावा. खोडलेलं दिसतं, ही कागदाची मला आवडणारी एकच सवय आहे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. काकूही गेल्या, आणि तुमच्या घरात आता भाडेकरू राहतात. मी त्याची घडी घालून खिशात ठेवीन आणि ते पँटबरोबर धुतलं जाईल, बहुतेक. पण तुम्ही समोर असता तर मला पुन्हा मधनंच विचारलं असतंत. का अडून बसलायस? आणि मी पहिल्यापासून पळत आलो असतो. कर्तव्य, सत्य, लोकांचा विश्वास, सगळं डोळे मिटून सुसाट. तुम्ही म्हणाला असतात, ओठ हलतायत तुझे.

बरं, तिथंच उतरतो. बदलीची भीती नाही. साहेबांची तर नाहीच. पोरीला कुठलं ठाणं मिळणार ते अजून कळलेलं नाही. एखाद्या दुपारी लांबून हाक येईल, पहिली बोट आधीच बाहेर गेलेली असेल, आणि हिला मधल्या बोटीत बसायला सांगतील. ती बसेल. ढिगातलं हाताला येईल ते जॅकेट अंगात घालेल. गावात मी ताठ माणूस म्हणून ओळखला जातो. पण परिच्छेद लिहिताना मी ताठ असेन तर असेन, आता मी नुसता घाबरलोय.