इंगळांच्या पत्रकातील माझ्या नावाबाबत

बेंगळूर, ता. ३ एप्रिल १९६१

राजमान्य राजश्री व्याही कल्लाप्पा यांच्या सेवेशी,

आप्पाजीचा दोन्ही हात जोडून रामराम. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, म्हणजे माझा डावा पाय सोडून सर्व. आपल्या गुडघ्याला एरंडाच्या पानाने आराम पडला की नाही ते कळवावे. म्हशीने विहीणबाईंना लाथ मारल्याचे आपल्या मागच्या पत्रात वाचले. लाथ नेमकी कुठे लागली हे लिहिले नव्हते, त्यामुळे मी चार दिवस काळजीत आहे. (विचारू नये हे समजते, पण काळजी वाटते.) आपली कन्या आणि आमची सून चि. सौ. क्षमा सुखात आहे. तिच्याविषयी एक तक्रार आहे, पण ती स्तुतीसारखी असल्यामुळे कशी लिहावी हे ठरत नाही. चि. अरविंद रोज पहाटे कारखान्याच्या बसने जातो आणि संध्याकाळी येऊन झोपतो.

आपल्या गावच्या कलमेश्वराच्या जत्रेचे पत्रक पोचले. उत्तम छापले आहे. गुलाबी कागद डोळ्यांना बरा वाटतो. त्यात तिसऱ्या ओळीत "इंगळांवरून मानाची पहिली फेरी : बेंगळूरचे सिद्धपुरुष श्री. आप्पाजी" असे ठळक अक्षरांत आहे, तेही वाचले. त्याविषयी पुढे लिहितो. हकिगत सांगितल्याशिवाय ते लिहिता येणार नाही, आणि हकिगत थोडी लांब आहे. (आपण चष्मा लावूनच वाचावे.)

सिद्धपुरुष हा शब्द माझा नव्हे. मी माघात आपल्याला जे कार्ड टाकले त्यात एवढेच होते, की देवकृपेने विस्तव मला आता भाजत नाही. कार्डावर जागा कमी असते म्हणून खुलासा राहिला. तो असा. दर गुरुवारी चिकपेटेच्या मागच्या गल्लीत देवाप्पाच्या घरी आमचे भजन असते. देवाप्पा म्हणजे मी ज्या कापडाच्या दुकानात तीस वर्षे नोकरी केली तिथला माझा जोडीदार. मी गजाने मोजायचो, तो फाडायचा. माघातल्या एका गुरुवारी आरतीच्या वेळी धुपाटण्यातला एक इंगळ खाली पडून माझ्या डाव्या पायाखाली गेला. मी टाळ वाजवत होतो. मला काहीच समजले नाही. वास आला, पण मला वाटले देवाप्पाच्या घरात कोणाची तरी भाकरी करपते आहे, आणि दुसऱ्याच्या भाकरीबद्दल आरतीत बोलणे बरे दिसत नाही, म्हणून गप्प राहिलो. अशी दोन कडवी झाली. मग देवाप्पाचे लक्ष गेले. त्याने माझा डावा पाय उचलायला खूण केली, तर मी उजवा उचलला, त्यामुळे सगळा भार इंगळावर आला. शेवटी पाय सरकवला तेव्हा खालून विझलेला कोळसा निघाला. देवाप्पाने तिथेच लोटांगण घातले. हा माणूस तीस वर्षांत मी दुकानात आलो म्हणून कधी बसल्या जागचा हललाही नव्हता.

खरे सांगायचे तर मलाही ती देवकृपाच वाटली. मी चौथीपर्यंत शिकलेला, वेदांत मला कळत नाही, पोथी वाचायला घेतली की झोप येते. देवाने विचार केला असेल की याला डोक्याकडून काही देता येत नाही, तर पायाकडून द्यावे. शिवाय खुणा आधीपासून होत्या. तळपायांना मुंग्या यायच्या, निजल्यावर पाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे पेटायचे, आणि चालताना कापसावरून चालल्यासारखे वाटायचे. पौषात एकदा चिकपेटेतून घरी आलो तर एका पायात वहाण नव्हती. कुठे निसटली कळले नाही. मी ठकुबाईला म्हणालो, हे वैराग्य असावे. ती म्हणाली, "वैराग्य असतं तर दोन्ही गेल्या असत्या." (आमच्या कुटुंबाचा स्वभाव आपल्याला माहीत आहे.) मला सक्करे कायिले आहे, म्हणजे आपल्याकडे ज्याला मधुमेह म्हणतात ते, हे मला नऊ वर्षे ठाऊक आहे. पण तो लघवीचा रोग, त्याचा पायाशी काय संबंध, असे मी धरून चाललो होतो.

संबंध क्षमाने काढला. भजनानंतर पाचव्या दिवसापासून तिला सकाळी केर काढताना फरशीवर ओळीने लाल ठिपके दिसू लागले. तिला आधी कुंकू सांडल्यासारखे वाटले. ठिपके देवघरापासून निघून माझ्या खाटेपाशी संपत होते. तिने मला खुर्चीत बसवून डावा पाय उलटा केला, आणि नंतर घरात जाऊन साडी बदलून आली. अर्ध्या तासात आम्ही दवाखान्यात होतो. बाकावर शेजारी एक गृहस्थ एकाच पायात बूट घालून बसले होते, दुसऱ्या बाजूला धोतर मोकळे सोडलेले. मी सहज विचारले की दुसरा बूट हरवला की काय. ते म्हणाले, बूट घरी आहे.

डॉक्टर कानडी आहेत, सावकाश बोलतात. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, मी पायाला टाचणी टोचतो, टोचली की "हूं" म्हणा. आता परीक्षा म्हटली की माझे काय होते हे मी चौथीतच पाहिले आहे. नापास होऊ नये म्हणून मी अंदाजाने थोड्या थोड्या वेळाने "हूं" म्हणत गेलो. सात वेळा म्हणालो. डोळे उघडले तर डॉक्टर हात धूत होते. पहिल्या दोन टाचण्यांना मी गप्प होतो, आणि "हूं" म्हणायला लागलो त्याच्या आधीच त्यांनी टाचणी खाली ठेवली होती, असे क्षमा म्हणते. मग त्यांनी गुडघ्याखाली रबराची हातोडी मारली. पाय उडायला हवा होता. तो तसाच राहिला. मला वाटले, शिस्तीचा पाय आहे, शाबासकी मिळेल. डॉक्टरांनी "स्वल्प कष्ट" एवढेच म्हटले. कानडीत स्वल्प म्हणजे थोडे आणि कष्ट म्हणजे कठीण, पण डॉक्टरांचे थोडे किती असते ते आपण जाणता.

त्यांनी जे समजावले ते मला पटले म्हणून आपल्यालाही लिहितो. (आपण सकाळ-संध्याकाळ गूळ खाता हे क्षमाकडून कळले आहे.) ते म्हणाले, अंगातल्या नसा म्हणजे टपालवाले. पायाला काय झाले ते डोक्याला कळवायचे हे त्यांचे काम. रक्तात वर्षानुवर्षे साखर राहिली की टपालवाले आजारी पडतात, आणि ज्याचा रस्ता सगळ्यांत लांब तो आधी पडतो. म्हणून पायाचे टपाल प्रथम बंद होते. कधी कधी आजारी टपालवाला भलतीच तार आणतो, म्हणजे आग लागलेली नसताना आग लागली, मुंग्या नसताना मुंग्या. आणि खरोखर आग लागली तर तार येत नाही. मी विचारले, टपाल पुन्हा सुरू होईल काय. ते म्हणाले, बंद पडलेले सगळे सुरू होईल असे सांगत नाही, पण साखर ताब्यात ठेवली तर पुढची गावे वाचतील. आणि ज्या गावाहून पत्र येत नाही तिथे रोज स्वतः जाऊन बघून यायचे. आपला पाय रोज आपल्या डोळ्यांनी बघायचा. नाही बघितला, तर जखम कुजते, आणि मग बूट घरी राहतो. (हे शेवटचे ते म्हणाले नाहीत. मी बाकाकडे पाहिले.)

तेव्हापासून घरात माझे काहीही माझ्या हातात राहिलेले नाही. पहाटे बसला जाण्यापूर्वी अरविंद काचेच्या नळीत निळे औषध घेतो, त्यात माझ्या लघवीचे आठ थेंब टाकतो आणि मागल्या अंगणात स्पिरिटच्या दिव्यावर उकळतो. निळे राहिले तर मी पास, हिरवे झाले तर काठावर, विटकरी झाले तर घरात कोणी माझ्याशी बोलत नाही. गोळ्या घ्यायच्या, कॉफी बिनसाखरेची, तंबाखू बंद. आंघोळीचे पाणी आधी ठकुबाई कोपराने बघते. वहाण घालण्यापूर्वी उलटी करून झटकायची. पहिल्याच दिवशी तिच्यातून अडकित्त्याचा खिळा पडला, जो मी संक्रांतीपासून शोधत होतो. आणि अनवाणी चालायचे नाही, घरातसुद्धा नाही. यावर मी अडून बसलो. चामडे घालून देवघरात कसा जाऊ? क्षमा वाद घालत नाही. तिने आपण लग्नात दिलेली कांबळी काढली, कापली, आणि मला तिचे बूट शिवून दिले. लोकर देवाला चालते, तेव्हा मी ते घालून देवघरात गेलो. कांबळी चांगली होती. आपण विचारण्याआधी सांगून ठेवतो.

आता तक्रार. पाय बघायचा तर तळवा बघायला हवा, आणि माझे पोट मध्ये येते. मी ठकुबाईचा कुंकवाचा आरसा जमिनीवर ठेवून त्यात बघू लागलो, तर ती म्हणाली, "सौभाग्याच्या आरशात पाय बघता? मग सौभाग्य राहील कशावर?" क्षमाने बघते म्हटले, पण सुनेने सासऱ्याचा पाय धरून बसायचे, हे मला बरे दिसेना. मी नाही म्हणालो. ती बरं म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला देवापुढे दिवा लावला की ती तोच दिवा घेऊन माझ्यापुढे येई, माझे पाय धुऊन पाटावर ठेवी, बूट बाजूला करी, आणि वाकून नमस्कार करी. नमस्कार खूप वेळ चाले. मला वाटले हे आपल्या घरचे वळण. मी डोळे मिटून आशीर्वाद देत असे. नमस्कार लांबला तसे आशीर्वादही लांबले. आठ पुत्र देऊन झाले, मग नातू सुरू केले. शेजारच्या भाग्यलक्ष्मीबाईंनी हे खिडकीतून पाहिले आणि त्याही पाया पडायला येऊ लागल्या, येताना दोन केळी आणत. (त्या आठवड्यात नळी चार दिवस विटकरी होती.) एके संध्याकाळी मी पणतवांपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात पायापाशी क्षमा ठकुबाईला म्हणाली, "करंगळीजवळ कालच्यापेक्षा सुकलंय. टाचेला एक नवीन चीर आहे." मी डोळे उघडले. ती दिव्याच्या उजेडात माझा तळवा गव्हातले खडे बघावेत तसा बघत होती.

मला वाईट वाटले. पण आशीर्वाद मध्येच थांबवता येत नाही, म्हणून पूर्ण केला. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी आपण होऊन दुसरा पायही पुढे केला. आशीर्वाद मात्र मी थोडक्यात आटोपतो.

असो. विहीणबाईंना नमस्कार, म्हशीला सांभाळावे. वडीलकीने गुळाबद्दल लिहिले त्याचा राग नसावा.

आपला,
आप्पाजी

ता. क. पत्रकाविषयी लिहायचे राहिले. इंगळांवरून चालणाऱ्या बाकी माणसांना चटका कळतो, म्हणून ती झपाझप पलीकडे जातात. मला कळणार नाही, आणि मी सावकाश चालतो. तेव्हा माझे नाव कृपा करून काढावे. "काही कारणाने" असे म्हणावे. कारण विचारले तर देवाची आज्ञा झाली म्हणावे, ते खोटे नाही, डॉक्टरांच्या भिंतीवर देवाची तसबीर आहे. नाव काढणे अगदीच अशक्य असेल तर प्रसादवाटपात घालावे. (बसून.)

ता. क. दुसरा. माघातले कार्ड मी क्षमाला न सांगता टाकले होते. ती माझ्यासाठी एवढे करते आणि मी तिकडे विस्तव भाजत नाही असे लिहून बसलो, हे तिला कळू नये. कार्ड फाडून टाकावे.

ता. क. तिसरा, ता. ५. पत्र दोन दिवस राहिले, कारण आणून ठेवलेले तिकीट नाहीसे झाले. खाट, पाट, पोथी, सगळे झटकले. ठकुबाईवर संशय घेतला. काल दिवेलागणीला ते क्षमाला माझ्या उजव्या तळव्याला चिकटलेले सापडले. तिने ते हलक्या हाताने सोडवले आणि पत्र कोणाला म्हणून विचारले. मी म्हणालो, तुझ्या अण्णांना, सहज. ती म्हणाली, "सहजच असेल तर ठीक. पत्रकातल्या नावाचं असेल तर मामंजी, ते मी मागच्या आठवड्यातच काढायला लिहिलंय. कार्ड आलं तेव्हाच अण्णांनी मला कळवलं होतं." तेव्हा वरील पत्राची आता गरज राहिलेली नाही. पण चांगले तिकीट वाया जाईल म्हणून डिंकाने लावून पाठवत आहे. त्याला माझा पाय लागला आहे, राग मानू नये. मला कळले नाही.