‘च’ खुणेचे तुकडे

राहनाळ, भिवंडी
८ फेब्रुवारी २००७

प्रिय मृणाली,

सोमवारी परिषदेत तू पेपर वाचायला उभी राहायच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं. पोस्टावर भरवसा नाही. भाविक उद्या टेम्पो घेऊन पुण्याला येतोय, त्याच्याकडे देतोय. फोन का केला नाहीस, म्हणशील. काल तीनदा केला. तिन्ही वेळा तू इतकी खुशीत होतीस की आक्काच्या गुडघ्यांचं काहीतरी सांगून मी ठेवून दिला. तिचे गुडघे ठीक आहेत, काळजी करू नकोस.

तू पहिल्यांदा ती पिठासारखी बारीक लोखंडाची पूड आपल्या कारखान्यात आणलीस, तेव्हा नवशाकाकांनी तुझा मळलेला माल फेकूनच दिला होता. चाळीस वर्षं रबरातून लोखंड वेचून काढणारा माणूस, त्यांना वाटलं सुनेच्या हातून कचरा पडला! मग तू त्यांच्या बोटाखाली तयार तुकडा दिलास. खाली चुंबक धरला की ताठ, काढला की पुन्हा मऊ. पॉवरलूमखाली अशा गाद्या घातल्या तर निजामपुऱ्यातली घरं दिवसभर हादरायची नाहीत, म्हणालीस. काका त्या दिवसापासून तुला म्याडम म्हणायला लागले. मी मात्र थोडा जळलो. रबराचा धंदा माझा आणि शिकवतेय बायको!

तुझं म्हणणं होतं की रबर साच्यात शिजत असतानाच चुंबक चालू ठेवला तर पुडीचे कण रांगेत बसतात आणि गादी जास्त ताठ होते. म्हणून चुंबकात शिजवलेले बारा तुकडे ‘च’ खुणेचे, बिनचुंबकाचे बारा बिनखुणेचे, आणि पूड दोन्हींत सारखी. ‘च’वाले दुपटीने सरस निघाले, तुझ्या गाईड सरांनी पेढे वाटले. मृणाली, ते तुकडे चुंबकात शिजलेलेच नाहीत.

ऑक्टोबरात लोडशेडिंगने कसा जीव काढला होता, तुला माहीत आहे. रबर दाबायची प्रेस तापलेली, माल साच्यात, आणि वीज गेली. साचा गरम होता, त्यामुळे रबर शिजलं, पण चुंबक बंद. वीज परत आली ती असा झटका देत की चुंबकाची कॉईलच जळाली. ती गुंडाळून मिळायला पंधरा दिवस, आणि तू दुसऱ्या दिवशी तुकडे न्यायला येणार होतीस. मी नवा माल मळला, त्यात दीडपट पूड घातली आणि माझ्या हाताने ‘च’ कोरला. पूड जास्त की ताठपणा जास्त, एवढं मला कळत होतं. काकांनी पाहिलं. ‘म्याडमला सांगशील न्हाय रं?’ एवढंच म्हणाले. मी हो म्हणालो. खात्री करायची तर तुकडे तराजूवर ठेव, ‘च’वाले जड भरतील. तू वजन केलं नसशील, कारण माल मी मळला होता.

विजेवर ढकलून मला सुटता आलं असतं. पण त्याच आठवड्यात तू म्हणाली होतीस, हा लॉट वाया गेला तर आणखी एक वर्ष पुण्यात काढावं लागेल. आक्का रोज विचारायची, ‘ही सून हाय का पाव्हनी?’ तिचं बोलणं मी हसण्यावारी न्यायचो, पण मलाच तू घरी हवी होतीस. दुसरं काही कारण नाही. काल तू म्हणालीस, हे यश तुझ्या हातांचं आहे, कुणाल. सोमवारी तो पेपर वाचू नकोस. कॉईल कधीच दुरुस्त झालीय. वर्ष लागो नाहीतर दोन, तुकडे पुन्हा काढू, आणि या वेळी पूड तू मोज. सरांना सगळं सांग. नवऱ्याने फसवलं म्हणायला लाज वाटली, तर प्रेसवाल्याने फसवलं म्हण. तेही खरंच आहे.

तुझाच,
कुणाल